सोळा सोमवारांऐवजी पायाचं सूप

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावानं बोटं मोडायला नकोत. माझ्या हंडीतलं खाऊन कुणाला मूल झालेलं नाही. तसली पाककृती माझ्याकडे नाही, कुणाकडेच नसते, आणि जो आहे म्हणून सांगतो त्याच्या दारात उभं राहू नका. आमच्या थेरगावच्या मंडईत बायका मला गाठतात, कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता हळूच विचारतात, "मावशी, सुनेला काय देता हो?" मी म्हणते, जेवायला देते. त्यांना वाटतं म्हातारी लपवतेय. लपवत नाही बायांनो. जेवायलाच देते. पण त्या जेवायला देण्यापायी आमच्या घरात जी भांडणं झाली, ती मात्र सांगण्यासारखी आहेत.

माझी सून चाकणला नोकरी करते. गाड्यांचे सुटे भाग बनतात त्या कंपनीत ती तयार माल तपासते. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. फर्स्टला पहाटे साडेपाचला डांगे चौकात कंपनीची बस धरायची, परत यायला दुपारचे साडेचार. लग्न होऊन सहा वर्षं झाली तेव्हाची ही गोष्ट. खाणं म्हणाल तर कँटीनचा चहा, बिस्किटाचा पुडा, घरी आल्यावर जे गार उरलं असेल ते. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही, आणि आली की जायचं नाव घ्यायची नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पीसीओडी आहे म्हणाल्या, गोळ्या दिल्या. वेळेवर नीट जेवा, डाळी-कडधान्यं-अंडी वाढवा, मैदा-साखर कमी करा, झोप पुरी घ्या. "आणि पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या."

हे शेवटचं वाक्य तिनं घरी येऊन सांगितलं, पण कुणाच्या कानात शिरलं नाही. माझ्याही नाही. खोटं कशाला लिहू?

आमची शेती गेली, तिथं आता टोलेजंग बिल्डिंगा आहेत. आम्हाला उरलं हे तीन मजल्यांचं घर. खाली आम्ही, मधे भाडेकरू, वर थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणते. आक्काचा जीव आहे माझ्यावर, पण जिभेला हाड नाही. डॉक्टरकडे जाऊन आल्याचं कळलं तशी ती पदर खोचून खाली उतरली.

"डाक्टरला काय कळतंय? नोकरी सोडायला लाव आधी. आन् सोळा सोमवार धरायला लाव. तुला न्हाई का लागू पडलं?"

सून आत कपडे बदलत होती. दार लोटलेलं होतं, पण आक्काचा आवाज दाराला जुमानणारा नाही.

आता हे "लागू पडलं" काय होतं ते ऐका. मलाही सात वर्षं मूल नव्हतं. सासूबाईंनी सोमवार लावले, मग मंगळवार, मग शुक्रवार. आठवड्यातले तीन दिवस पोटात काही नाही, आणि उरलेल्या चार दिवशी पुरुष जेवून, पोरं जेवून, सासू जेवून जे तळाला राहील ते. कालवणाचा नुसता रस्सा आणि भाकरीचा पापुद्रा. एकदा पवनेच्या काठच्या रानात खुरपताना चक्कर येऊन पडले, तर सासूबाई म्हणाल्या, देव पावतोय, अंगात येतंय. मग त्या आजारी पडल्या आणि स्वयंपाकघर माझ्या हाती आलं. वर्षभर मी चोरून, चुलीपुढं बसून, आधी खाल्लं. आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला. घरादारानं उपासाला श्रेय दिलं. मी खाण्याला देत नाही, कारण मला माहीत नाही कशानं झालं ते. पण उपाशी राहून डोळ्यांपुढं जो काळोख येतो तो मला माहीत आहे. तो मी दुसऱ्याच्या लेकीला देणार नव्हते.

मी म्हणाले, "आक्का, माझी सून उपास करणार न्हाई. ती जेवणार."

"जेवती की रोज."

"न्हाई. आता नीट जेवणार."

आक्का गेली. सून बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. मोबाइल घेऊन बसली. आठ दिवसांनी एक भलंमोठं खोकं दारात आलं.

खोक्यातून निघाला स्लो कुकर. बाहेरून स्टीलचा डबा, आत चिनी मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण. विजेवर चालतो, मी त्याला हंडीच म्हणते. शिट्टी नाही, वाफेचा फवारा नाही, आच दिसत नाही. मी विचारलं, "यात शिजायला किती वेळ लागतो?" म्हणाली, सात-आठ तास. मी कपाळावर हात मारला. सात तासांत आम्ही अख्ख्या लग्नाची पंगत उठवायचो.

"आई, तेच तर बरंय ना. मी निघाले की तुम्ही लावायचं आणि विसरून जायचं. मी येईपर्यंत गरम राहतं. तुम्हाला गॅसपुढं उभं राहायला नको."

आक्का बघायला आली. डब्याभोवती एक फेरी मारली. "लेकरू आणायचं सोडून डबडं आणलं व्हय गं?" आणि स्वतःच हसली. सून हसली नाही. मी डबड्यावर फडकं टाकलं, जसं काही त्याला दृष्ट लागेल.

इंग्रजी मला वाचता येत नाही. सुनेनं बटणाशेजारी तिच्या टिकल्यांच्या पाकिटातल्या टिकल्या लावल्या. एक टिकली मंद, दोन टिकल्या जोरात, तीन म्हणजे नुसतं गरम ठेवायचं. पहिला प्रयोग मी बोकडाच्या पायांचा केला. पाया भाजून, घासून, गॅसवर एक उकळी काढून भांड्यात ठेवला, वर आलं, लसूण, मिरी, धने, हळद, चमचाभर व्हिनेगर. सकाळी नवाला दोन टिकल्यांवर लावला आणि गहू निवडायला बसले.

तो दिवस होता गुरुवार.

या कारखान्यांच्या पट्ट्यात जन्म काढलेल्या माणसाला गुरुवार सांगावा लागत नाही. गुरुवारी वीज दुरुस्तीला जाते. निम्म्या कारखान्यांची सुट्टी म्हणूनच गुरुवारी असते. मला हे ठाऊक नव्हतं का? पण माझा सगळा जन्म चुलीवर आणि गॅसवर गेलेला. गुरुवार म्हणजे पाण्याची मोटर चालणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात. त्यात घरात इन्व्हर्टर. पंखा फिरतोय, टीव्ही चाललाय, मला वाटलं हंडीही चाललीय. इन्व्हर्टरची वायर स्वयंपाकघरातल्या त्या प्लगला जोडलेलीच नाही, हे मला साडेचारला कळलं. झाकण उघडलं तर कोमट पाण्यात चार पाय, वर फेस, आणि वास असा की मांजरानं पण तोंड फिरवावं.

सून बसमधून उतरून आली होती, हातपाय धुऊन ताटलीपुढं बसली होती. तिच्यासमोर ते सगळं फेकावं लागलं. आक्कानं वरून पाहिलं. "चाळीस वर्षं हितं ऱ्हाती आन् बेस्तरवार इसरली! आता सोमवाराचं नाव तरी कशाला काढायचं हिच्याफुडं?"

मी म्हटलं हस. सुनेला दोन अंडी फोडून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाया आणला.

मग हात बसला. हंडीला घाई चालत नाही हे कळलं. पाणी आपण नेहमी घालतो त्याच्या निम्मंच घालायचं, कारण वाफ बाहेर जात नाही. झाकण सारखं उघडून बघायचं नाही, माझा हात तर शिवशिवायचा. हुलगे भिजवून लावले की संध्याकाळी लोण्यासारखे व्हायचे, वरून लसणाची फोडणी तेवढी वेगळी. बाजरीची खिचडी मुगाच्या डाळीची, वर तूप आणि भाजलेल्या तिळाची चटणी. लाल भोपळा आणि हरभऱ्याची डाळ. शेवग्याच्या शेंगा गावठी कोंबडीच्या रश्श्यात. राजमा मात्र नुसता भिजवून मंद आचेवर लावू नका, आधी गॅसवर चांगला खळाखळा उकळून घ्या, नाहीतर पोटाला बाधतो. हे सुनेनंच वाचून सांगितलं, आणि मी ते कुणालाही सांगायला विसरत नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सगळं पहाटे लावायचे, म्हणजे दुपारी दीडला ती निघताना गरम डबा भरायचा. गोळ्या तिच्या चालूच होत्या. हंडी आणि गोळी एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

भांडण पेटलं ते वाढण्यावरून. एका रविवारी सगळे घरी. पायाचं सूप असं जमून आलं होतं की चमच्याला चिकटत होतं. आमच्या घरी आजवर पहिली वाटी ह्यांना, दुसरी मुलाला, मग बायका. मी पहिली वाटी भरली, वरचं दाट, दोन नळ्या, आणि सुनेपुढं ठेवली. ती उठूनच उभी राहिली.

"आई, आधी बाबांना."

"बस."

मुलगा म्हणाला, "अगं आई, बाबा बसलेत ना."

"बसलेत तर बसू देत. त्यांना कुठं बस धरायचीय?"

हे पेपरातून मान न काढता म्हणाले, "मला नळी नको. दातात अडकतीय." चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझी बाजू घेतलेले जे चार-दोन प्रसंग, त्यातला हा एक. मुलगा मात्र फुगला. "मग माझी कुठाय?"

आणि त्या क्षणी मला डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य आठवलं. सुनेनं तीन वेळा सांगितलेलं, तीनही वेळा ह्याचा ओव्हरटाइम निघालेला.

मी पळी हंडीवर आडवी धरली. "तुझी तपासणी झाली की तुझी वाटी."

"कसली तपासणी?"

"तुला माहितेय कसली. मूल दोघांचं, तपासण्या एकटीच्या? सुया तिनंच टोचून घेतल्या. तू एकदा दवाखान्याची पायरी चढ."

"आई, जेवताना काय हे!"

"मग कधी बोलू? जेवायलाच तर घरी असतोस."

तो उठून गेला. पुढचा रविवारही त्याला नुसती आमटी मिळाली. कठोर वाटलं असेल, पण मी आई आहे त्याची, सावत्र नव्हे. तिसऱ्या आठवड्यात त्यानं रजा टाकली. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तो जिन्यात बसून राहिला. कमी त्याच्यातही होती. कारखान्यात भट्टीजवळचं काम, वरून तंबाखू. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला सांगितली, औषधं दिली. मी वाटी भरून जिन्यात नेऊन दिली. त्यानं ती प्यायली आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." मी म्हटलं, असू दे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, म्हातारी फारच शहाणी. थांबा.

पाच-सहा महिन्यांत सुनेची पाळी ठरल्या वेळी यायला लागली. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या गेल्या, जिना चढताना धाप लागेना. डॉक्टरीणबाई खूश. मीही खूश व्हायला हवं होतं. पण महिन्याच्या त्या तारखेला ती बाथरूममधून बाहेर आली, कपाटातून पॅड काढलं, की माझा चेहरा पडायचा. मला कळायचं नाही, पण पडायचा. मी तोंडानं म्हणायचे, चला, वेळेवर आली. आणि दुसऱ्या दिवशी हंडीत दुप्पट माल टाकायचे. अळीव, खारीक, डिंक, जे कोण सांगेल ते. ती नको म्हणाली तरी ताटात घालायचे.

एका शनिवारी तिनं ताट पुढं सरकवलं. फर्स्ट शिफ्टहून आलेली, डोळे लाल.

"आई, मी गाभण गाय आहे का?"

मी म्हटलं, "काय बोलतेस?"

"रोज खुराक घालताय आणि महिनाअखेरीला माझ्या तोंडाकडं बघताय. मला दिसतं ते. मला एक सांगा." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मूल नाहीच झालं, तर ही वाटी बंद होणार का?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला. आणि तो वेळ लागला, हेच उत्तर तिला मिळालं. ती उठून खोलीत गेली. मी त्या ताटापुढं बसून राहिले. आयुष्यभर सासूच्या नावानं बोलत आले, की मला माणूस म्हणून नाही, कूस म्हणून वागवलं. आणि मी काय करत होते? सासूनं उपाशी ठेवलं, मी कोंबत होते. डोळा दोघींचा एकाच जागी. मला माझीच चीड आली, आणि चीड आली की मी बरी वागते, हा माझा स्वभाव आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वरच्या सुनेचं, म्हणजे आक्काच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. गच्चीवर मांडव, फुलांचा झोपाळा, हिरवी साडी. ओटी भरायला आक्कानं पाच जणी बोलावल्या, पाचही लेकुरवाळ्या. ही आमच्याकडची रीत. ज्या बाईच्या कडेवर मूल नाही तिचा हात ओटीला लागू द्यायचा नाही. माझी सून पाण्याचे पेले भरत कोपऱ्यात उभी होती. तिनं स्वतःहूनच तो कोपरा धरला होता, सहा वर्षांची सवय. आक्कानं मला बोलावलं, "ये गं, भर."

मी तबक घेतलं. चालत कोपऱ्यात गेले आणि तबक सुनेच्या हातात दिलं.

"आई, नको." तिनं मान हलवली.

"तुला नको असेल तर नको. पण त्यांना नको म्हणून नको म्हणू नकोस."

गच्चीवर कुजबुज. आक्का पुढं आली. "शुभकार्यात असलं खूळ करू नगंस. सात-आठ म्हैने झालं, पाया काय, कोंबड्या काय, खाऊ घातलंस ना हिला? काय उगवलं?"

त्यावेळी मला ते उत्तर सापडलं जे पंधरा दिवसांपूर्वी ताटापुढं सापडलं नव्हतं. "काय उगवायचंय आक्का? माझी सून जेवली. तिचं अंग भरलं, चक्कर येत न्हाई, हसाय लागली. मी त्यासाठीच घालती. मूल झालं तर घालीन, न्हाई झालं तरी घालीन, ती सत्तर वर्षांची होईस्तवर माझे हात चालले तर घालीन. तुझ्या ओटीला तिचा हात चालत नसंल, तर माझा बी चालणार न्हाई."

"तुझ्या पोराचं नशीब खोटं गं, दुसरं काय," आक्का म्हणाली.

माझा मुलगा आइस्क्रीमचे डबे घेऊन जिना चढत होता. त्यानं डबे खाली ठेवले. मान खाली, कानाच्या पाळ्या लाल. "मोठी आई, नशिबाचं नाही ते. रिपोर्ट माझा पण खराब आहे. तिलाच का बोलता?"

एवढ्या बायकांपुढं. हे सोपं नसतं हो. या गावात पुरुष दिवाळं निघाल्याचं सांगेल, पण हे सांगणार नाही.

मग झोपाळ्यावरची ती पोर, आक्काची सून, जिच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, ती म्हणाली, "काकी, कंबर दुखायला लागली बसून. कुणीतरी भरा बाई माझी ओटी." आणि पदर पसरला तो माझ्या सुनेकडं बघून.

माझ्या सुनेनं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. दोन-चार तांदूळ खाली सांडले. आक्का कठड्यापाशी उभी राहून झेंडूच्या माळा उगाच सारख्या करत राहिली. आठवडाभर आमच्याशी बोलली नाही. आठव्या दिवशी वरून हाक मारून विचारलं, पाणी आलंय का. आमच्यात समेट असाच होतो.

मूल नाही झालं. अजून तरी नाही. डॉक्टरीणबाईंनी पुढचे उपचार सांगितलेत, ते घ्यायचे की नाही हे ती दोघं ठरवतायत. मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारायला जीभ वळवळते, मग मी ताक पिते.

एक सांगायचं राहिलं. ओटीच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळीच हुलगे लावले होते. मुलगा घरी होता, सून साडेचारला आली, चपला काढल्या, हंडीकडं बघितलं.

"आई, आज मला हे नकोय."

माझा हात सवयीनं वाटीकडं गेला. मी तो मागं घेतला. "मग काय पाहिजे?"

"डांगे चौकातला वडापाव. दोन. तळलेल्या मिरच्यांबरोबर."

मुलगा गाडीची किल्ली शोधत होता. दोघं दारात पोचली तेव्हा मी हाक मारली. दोघं दचकून वळली, त्यांना वाटलं म्हातारी आता तेलाचं, मैद्याचं काहीतरी सुनावणार.

"एक माझ्यासाठी आणा," मी म्हटलं, "आन् चटणी जास्त घ्या."